एसीच्या दुरुस्तीचा खर्च : गॅस भरण्याआधी काय तपासावे

सांगलीत एसी दुरुस्त करणाऱ्यांचे दोन हंगाम असतात. पहिला पाडव्याच्या आसपास सुरू होतो. पारा चाळिशीकडे सरकू लागतो, चार-पाच महिने बंद असलेला एसी घरोघरी सुरू केला जातो आणि तो पूर्वीसारखा गार करत नाही असे लक्षात येते. दुसरा हंगाम वळवाचे एक-दोन पाऊस पडून गेल्यावर, मृगाच्या तोंडाशी येतो. तेव्हा पारा उतरलेला असतो, पण हवा इतकी दमट झालेली असते की पंख्याखाली बसूनही अंग चिकचिकत राहते, आणि एप्रिलमध्ये खोली गारठवणारा एसी आता बिघडला असावा अशी शंका घरात सगळ्यांनाच येऊ लागते. दोन्ही हंगामांत मेकॅनिकचे पहिले वाक्य बहुधा एकच असते : ‘गॅस कमी झालाय, भरून घ्यावा लागेल.’ हे वाक्य कधी खरे असते, कधी अर्धे खरे असते आणि कधी अजिबात खरे नसते. तो फरक घरच्या घरी बराचसा ओळखता येतो, आणि तो ओळखला तर दोन-तीन हजार रुपये वाचतात. म्हणून या लेखात सुट्या भागांच्या दरांपेक्षा तपासणीला जास्त जागा दिली आहे.

हे शहाणपण मला विश्रामबागेत राहणाऱ्या मावशीच्या एसीने दिले. दीड टनाच्या त्या एसीत लागोपाठ तीन उन्हाळे गॅस भरला गेला आणि दर वेळी अडीच-तीन हजार रुपये मोजले गेले. चौथ्या वर्षी नेहमीचा मेकॅनिक गावाला गेलेला असल्यामुळे दुसरा कारागीर आला. त्याने गॅसचे नावही काढले नाही. वाटीत भांडी घासायचा साबण कालवला, आतल्या युनिटच्या मागे जिथे तांब्याच्या दोन नळ्या नटांनी जोडलेल्या असतात तिथे ब्रशने फेस लावला आणि मला टॉर्च धरायला सांगितले. जाड नळीच्या नटापाशी मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुगला, फुटला आणि त्याच जागी पुन्हा फुगू लागला. नळीचे तोंड कापून नवे करायला त्याला अर्धा तास लागला. त्यानंतर तिथे गॅस भरावा लागलेला नाही. आधीच्या मेकॅनिकने फसवले असे मी म्हणणार नाही, कारण गॅस खरोखरच कमी झालेला होता. तो कुठून जातो हे शोधण्याची तसदी मात्र त्याने घेतली नाही, आणि तसे विचारायचे असते हे आम्हालाही ठाऊक नव्हते.

बोलावण्याआधीची पंधरा मिनिटे

मेकॅनिकने घरी येऊन नुसते पाहण्याचे सांगली-मिरजेत साधारण ३०० ते ५०० रुपये घेतात. तासगाव, आष्टा किंवा आणखी आतल्या गावी जायचे असेल तर पेट्रोलचा खर्च वेगळा सांगितला जातो. हे पैसे पुष्कळदा निव्वळ फिल्टर धुण्यासाठी किंवा रिमोटवरचा मोड बदलण्यासाठी जातात. रिमोटवर ‘फॅन’ किंवा ‘ड्राय’ निवडलेले असेल तर एसी अपेक्षेइतका गार करणार नाही, म्हणून आधी ‘कूल’ मोड लावून तापमान १८ अंशांवर आणावे आणि दारे-खिडक्या बंद करून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. नव्या एसीत सुरुवातीचे तापमान २४ अंशांवर लावलेले असते. २०२० च्या जानेवारीपासून तसा नियमच आहे, त्यामुळे वीज जाऊन आल्यावर आकडा बदललेला दिसला तर तो बिघाड समजू नये.

त्यानंतर फिल्टर. इकडे फिल्टर किती दिवसांनी धुवायचा हे घर कुठे आहे त्यावर ठरते. मार्केट यार्डाजवळ राहणाऱ्या एका मित्राच्या घरी हळदीच्या हंगामात जाळी आठ-दहा दिवसांत पिवळी धमक होते. उसाच्या पट्ट्यात पाचट पेटवल्यावर काजळी उडते, ती जाळीवर काळ्या थराने बसते. एरवी पंधरा दिवसांतून एकदा जाळी नळाखाली धुऊन सावलीत वाळवणे पुरेसे आहे. उन्हात वाळवली तर ती वाकते आणि मग खाचेत नीट बसत नाही.

फिल्टर स्वच्छ असूनही गारवा नसेल तर बाहेरच्या युनिटपाशी जावे. त्याचा पंखा फिरतो आहे का, मागच्या जाळीवर कबुतरांची काटक्याकुटक्या भरलेली वस्ती झाली आहे का, आणि समोर एखादी सतरंजी वाळत घातलेली नाही ना, हे पाहावे. हे हास्यास्पद वाटेल, पण मी पाहिलेल्या दोन ‘बंद पडलेल्या’ एसींपैकी एक असाच दोरीवरच्या चादरींनी गुदमरलेला होता. एसीची क्षमता बाहेरची हवा ३५ अंश असताना मोजलेली असते; युनिट पश्चिमेच्या भिंतीवर असेल, वर पत्रा असेल आणि दुपारचे तीन वाजले असतील, तर त्याला मिळणारी हवा ४५ अंशांच्याही पुढे जाऊ शकते. अशा वेळी कोणताच सुटा भाग न बिघडता गारवा घटतो, आणि तो कोणताही भाग बदलून परत येत नाही.

आता सर्वांत उपयोगी तपासणी. एसी वीस मिनिटे चालल्यावर बाहेरच्या युनिटच्या बाजूला जिथे तांब्याच्या दोन नळ्या जोडलेल्या असतात, तिथे नीट पाहावे. एक नळी बारीक असते आणि एक जाड. आपल्याकडच्या बहुतेक स्प्लिट एसींमध्ये सगळे ठीक असेल तर दोन्ही नळ्या गार लागतात आणि दमट दिवसांत दोन्हींवर पाण्याचे थेंब दिसतात. बारीक नळीच्या नटावर पांढरा बर्फ धरला आहे आणि जाड नळी मात्र कोरडी व कोमट आहे, असे दिसले तर गॅस कमी झाल्याची शंका रास्त आहे. जाड नळीवरही बर्फ चढला असेल तर आतल्या कॉइलवरून, म्हणजे गार होणाऱ्या नळ्यांच्या जाळ्यावरून, पुरेशी हवा जात नाही, म्हणजे फिल्टर, कॉइल किंवा ब्लोअर (आतला गोल पंखा) मळलेला आहे, असा संशय आधी घ्यावा. त्यावर उपाय सर्व्हिसिंगचा आहे, गॅसचा नाही. नळ्यांकडे पाहताना आतल्या तारांना आणि झाकणाला हात लावू नये. एमसीबी, म्हणजे एसीचा मुख्य स्विच, बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये विजेचा भार काही काळ शिल्लक राहतो आणि त्याचा झटका जोरदार बसतो.

गॅसचे गणित

एसीतला गॅस हा सिलिंडरमधल्या स्वयंपाकाच्या गॅससारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो; आत द्रवाची वाफ होताना उष्णता घेतो, बाहेर वाफेचा द्रव होताना ती सोडतो, आणि पुन्हा आत येतो. त्यामुळे ‘तीन वर्षे झाली, आता गॅस भरायला झाला’ या म्हणण्याला आधार नाही. गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळला आहे, आणि गळती बुजवल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा जाणार आहे. नटाची गळती असेल तर ती पुष्कळदा जोडणीच्या दिवशीच, घाईत वळवलेल्या नळीच्या तोंडातून सुरू झालेली असते. आतल्या कॉइलला मुंगीच्या भोकाहूनही बारीक छिद्रे पडणे हा दुसरा प्रकार, आणि तो खर्चिक आहे. उघड्या गटाराजवळच्या घरांत तिथून येणाऱ्या वायूंमुळे तांबे काळे पडून लवकर खराब होते. कोकणात हेच काम खारा वारा करतो, तेव्हा रत्नागिरीकडच्या पाहुण्यांनी सांगितलेले एसीचे आयुर्मान इकडे तसेच धरू नये.

आपल्या एसीत कोणता गॅस आहे आणि किती आहे हे बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर लिहिलेले असते. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक घरगुती एसींत आर-३२ असतो; त्याआधीच्यांत आर-४१०ए किंवा आर-२२ सापडतो. पट्टीवर ग्रॅममध्ये वजन दिलेले असते, आणि खर्चाचे सगळे बोलणे त्या आकड्यापासून सुरू झाले पाहिजे. मेकॅनिकजवळ वजनकाटा आहे का, हे फोनवरच विचारावे. नुसत्या गेजवर, म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्यावर, अंदाजाने भरणारे पुष्कळ असतात, आणि अनुभवी हातांना ते जमतेही. पण इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, वेग बदलत असल्याने गेजचा काटा सारखा हलतो आणि अंदाज चुकतो. एसी बंद ठेवून गेज लावणे आणि ‘प्रेशर बरोबर आहे’ किंवा ‘कमी आहे’ असे सांगणे तर निरर्थकच म्हणावे लागेल. आत थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत तो दाब बाहेरच्या तापमानावर ठरतो, गॅस किती उरला आहे यावर नाही.

नीट केलेल्या कामाचा क्रम असा असतो. आधी गळती शोधायची, साबणाच्या फेसाने किंवा नळ्यांत नायट्रोजन भरून दाब उतरतो का हे पाहून. मग ती बुजवायची. मग व्हॅक्युम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढायची, यात वीस-पंचवीस मिनिटे तरी जातात. आणि शेवटी पट्टीवरच्या आकड्याप्रमाणे वजन करून गॅस भरायचा. दमट दिवसांत व्हॅक्युमची पायरी गाळणे विशेष महागात पडते, कारण उघड्या नळीत शिरलेली ओल तेलाशी मिसळून आम्ल तयार करते आणि कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगचे आयुष्य कमी करते. आर-४१०ए हे दोन वायूंचे मिश्रण आहे, त्यामुळे बरीच गळती झाली असेल तर उरलेला काढून पूर्ण नवा भरणे बरे. आर-३२ एकच वायू असल्याने त्याला हा प्रश्न नाही, मात्र तो थोडासा ज्वलनशील आहे. नळ्यांत गॅस असताना ज्योतीने जोडकाम करू देऊ नये आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

दीड टनाच्या एसीत पूर्ण गॅस भरण्याचे सध्या २,५०० ते ३,५०० रुपये घेतात. यात व्हॅक्युम आणि गळतीची तपासणी धरली आहे का, हे आधी ठरवून घ्यावे. नटाची गळती काढण्याचे ५०० ते १,००० रुपये होतात. कॉइलला वेल्डिंग करून छिद्र बुजवण्याचे १,००० ते २,००० सांगतात, पण एका जागी बुजवलेली जुनी कॉइल सहा महिन्यांत दुसऱ्या जागी गळू लागते असा माझा अनुभव आहे. आतली कॉइलच बदलायची तर ५,००० ते ९,००० रुपये धरावेत आणि त्यावर गॅस वेगळा.

जूनमध्ये बादली लावून पाहावी

दमट हवेत एसीला दोन कामे करावी लागतात : हवा थंड करणे आणि तिच्यातले पाणी काढणे. दुसरे काम डोळ्यांना दिसत नाही, पण त्यावर खर्च होणारी शक्ती मोठी असते. एक लिटर पाण्याची वाफ पुन्हा पाण्यात उतरवायला एसीला सुमारे २,४५० किलोज्यूल उष्णता ओढून घ्यावी लागते. दीड टनाचा एसी तासाला साधारण १९,००० किलोज्यूल ओढू शकतो; म्हणजे तासाला दोन लिटर पाणी निघत असेल तर त्याच्या ताकदीचा चौथा हिस्सा नुसत्या पाण्यावर गेला. एप्रिलच्या कोरड्या दुपारी ड्रेन पाइपमधून जेमतेम ठिबक असते, म्हणून सगळी ताकद तापमान उतरवायला मिळते. जूनमध्ये तसे होत नाही.

याची खातरजमा करायला कोणत्याही यंत्राची गरज नाही. ड्रेन पाइपच्या तोंडाखाली बादली ठेवावी, तास मोजावा, आणि जमलेले पाणी दुधाच्या मापाने मोजावे. पाण्याबरोबरच हवेचेही तापमान पाहता आले तर उत्तमच. स्वयंपाकघरात वापरतात तसला दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर आधी वरच्या बाजूला, जिथून एसी हवा आत खेचतो तिथे, आणि मग खाली, जिथून थंड हवा बाहेर पडते तिथे धरावा. कोरड्या हवेत हा फरक दहा-बारा अंशांपर्यंत असतो. पावसाळ्याच्या तोंडाशी तो सात-आठ अंशांवर आला, पण तासाला लिटर-दीड लिटर पाणी जमते आहे, तर एसी आपले काम करतो आहे आणि त्यात गॅस भरून काहीही सुधारणार नाही. गॅस जास्त झाला तर उलट गारवा कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. फरक चार-पाच अंशांचाच आहे आणि बादलीही कोरडी आहे, असे असेल तेव्हाच फोन करावा. हे दोन आकडे फोनवर सांगितले की मेकॅनिकच्या बोलण्याचा सूर बदलतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

दमट दिवसांत ‘ड्राय’ मोडचा उपयोग होतो, विशेषतः रात्री पाऊस चालू असताना. पण तो मोड दुपारच्या उकाड्यासाठी नाही. खोलीत पाणी येणाऱ्या फटी, ओला टॉवेल, उघडे बाथरूम यांच्यामुळेही एसीवरचे काम वाढते. आमच्याकडे पावसाळ्यात कपडे बेडरूममध्ये वाळत घालून एसी लावण्याची पद्धत होती. कपडे वाळायचे खरे, पण ते वीज जाळून वाळवलेले कपडे होते.

पाणी घरात गळू लागणे ही जून-जुलैमधली दुसरी मोठी तक्रार, आणि तिचा खर्च बहुधा सर्वांत कमी असतो. ट्रेमध्ये धूळ आणि ओल मिळून शेवाळासारखा बुळबुळीत गाळ तयार होतो आणि तो ड्रेनच्या तोंडाशी अडकतो. सर्व्हिसिंगमध्येच हे काम होते. वेगळे बोलावले तर ४०० ते ६०० रुपये पडतात. त्याआधी एक गोष्ट स्वतः पाहावी. पाइपचे बाहेरचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेले असेल, किंवा पाइप मध्येच झोळीसारखा लोंबत असेल, तर आत हवा अडकून पाणी उलटे घरात उतरते. टोक पाण्याबाहेर काढले की गळती थांबते. तांब्याच्या नळ्यांवरचे काळे स्पंजचे आवरण फाटले असेल तर भिंतीवरून पाण्याचे ओघळ येतात, आणि ते एसीतून गळणारे पाणी आहे असे वाटते. खरे तर ते गार नळीवर हवेतूनच जमलेले असते. आवरण बदलायला दोनशे-तीनशे रुपये पुरतात.

पंखा, कॅपॅसिटर, बोर्ड

वर्षातल्या दोन सर्व्हिसिंगची वेळ सांगायची तर पहिली फेब्रुवारीत करून घ्यावी. पाडवा उलटला की कारागीर चार-चार दिवस सापडत नाहीत, आणि सापडले तरी घाईत असतात. दुसरी दसऱ्यानंतर. जेट पंपाने केलेल्या साध्या सर्व्हिसिंगचे ५०० ते ८०० रुपये होतात; फोम लावून धुण्याचे थोडे जास्त घेतात. आतला गोल ब्लोअर खरोखर धुतला गेला का, हे बोटाने पाहावे, कारण पुढची कॉइल चकचकीत करून ब्लोअर तसाच सोडण्याची सवय अनेकांना असते.

साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला एसी सुरू करताना बाहेरून ‘हूऽऽ’ असा आवाज येऊन तो काही क्षणांत बंद पडत असेल, तर कॉम्प्रेसर जळाल्याच्या निदानावर लगेच विश्वास ठेवू नये. बहुतेक वेळा त्याला सुरू होताना जोर देणारा कॅपॅसिटर अशक्त झालेला असतो. तो मीटरवर तपासता येतो. त्यावर जो आकडा, उदाहरणार्थ ५० मायक्रोफॅरॅड, छापलेला असतो त्यापेक्षा मोजलेला आकडा बराच खाली असेल तर तो बदलावा. खर्च मजुरीसह ५०० ते ९००. पंख्याची मोटर २,००० ते ३,५००. कॉम्प्रेसर खरोखरच गेला असेल तर गॅस धरून ९,००० ते १५,००० पर्यंत जातो, आणि तो बदलण्याआधी वॉरंटी कार्ड जरूर उघडावे : कित्येक कंपन्या कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी देतात, ती बहुधा फक्त त्या भागापुरती असते, आणि गॅस, मजुरी व वाहतूक ग्राहकाच्या माथी येते. ‘फुकट’ कॉम्प्रेसरचे तरीही चार-पाच हजार का झाले, याचे उत्तर तिथे असते.

इन्व्हर्टर एसीची दुखरी जागा म्हणजे बाहेरच्या युनिटमधला पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्ड. वळवाच्या पावसात वीज कडाडते, लाइन जाते आणि परत येताना झटका देऊन येते; शेतातल्या पंपांचा भार असलेल्या भागात दुपारी व्होल्टेज खाली जाते; आणि उबेला आलेली पाल बोर्डावरच्या दोन टोकांना एकदम चिकटून स्वतःसह बोर्डही संपवते. पालीचा हा प्रताप थट्टेचा वाटतो, पण मिरजेच्या एका घरात झाकण उघडले तेव्हा आम्ही वाळलेली पाल आणि तिच्याखालचा काळा पडलेला बोर्ड पाहिला आहे. नवा बोर्ड ५,००० ते १०,००० रुपयांना पडतो. जुना दुरुस्त करून देणारे कारागीर १,५०० ते ३,००० घेतात. जळालेला भाग एकच असेल तर दुरुस्ती चांगली टिकते, पण तीन महिन्यांची लेखी हमी नसेल तर तो व्यवहार करू नये. ढग गडगडू लागले की एमसीबी खाली करण्याला काहीच खर्च येत नाही. ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असे एसीवर लिहिलेले असते, त्यापुढे किती ते किती व्होल्टपर्यंत हेही लिहिलेले असते. आपल्या घरी दुपारी व्होल्टेज त्या मर्यादेबाहेर जात असेल तर अडीच-तीन हजारांचा स्टॅबिलायझर घ्यावा. घरच्या अर्थिंगची तपासणी मात्र कोणत्याही परिस्थितीत करून घ्यावी.

पूर येऊन गेल्यावर

२००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णेचे पाणी सांगलीत घरांत शिरले. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी धरतात. आपले घर नदीकाठच्या भागात असेल तर ४० फुटांची बातमी येताच तळमजल्यावरच्या एसीचा एमसीबी बंद करावा. पाण्यात बुडालेले बाहेरचे युनिट ‘चालतंय का बघू’ म्हणून कधीही सुरू करू नये. कॉम्प्रेसर आणि नळ्या हवाबंद असल्याने त्या बहुधा वाचतात. बोर्ड, पंख्याची मोटर आणि जोडण्यांमध्ये शिरलेला गाळ हे खरे नुकसान असते. गोड्या पाण्याने धुऊन, चार-पाच दिवस सावलीत वाळवून, इन्सुलेशन मोजून घेतल्यावरच वीज द्यावी. विमा असेल तर धुण्याआधी, गाळासकट, पट्टीवरचा क्रमांक दिसेल असे फोटो काढावेत. नवीन जोडणी करताना युनिट छातीच्या उंचीपेक्षा वर लावून घेणे हे नदीकाठच्या घरांना परवडणारे शहाणपण आहे. ब्रॅकेट आणि जादा नळी मिळून दोन-अडीच हजार वाढतात. तांब्याची नळी फुटावर विकतात, सध्या २५० ते ३५० रुपये फूट, आणि ती मोजताना आपण टेप धरावी.

दुरुस्त करावा की बदलावा

माझा स्वतःचा हिशेब सरळ आहे. एसी आठ वर्षांच्या आतला असेल तर बोर्ड किंवा मोटरसाठी दुरुस्ती करावी. आठ-दहा वर्षांपुढे कॉइल आणि कॉम्प्रेसर यांपैकी एकही गेले, आणि खर्च नव्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे चालला, तर थांबावे. आर-२२ चा जुना एसी असेल तर विचार आणखी लवकर करावा. ओझोनच्या थराला घातक असलेला हा वायू मॉन्ट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होतो आहे, आणि तो जितका दुर्मीळ होईल तितका भरणे महाग होणार. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने नव्याची किंमत काहीशी उतरली आहे, त्यामुळे जुन्यात बारा हजार घालण्याआधी दुकानात जाऊन भाव विचारणे योग्य ठरते. जुना एसी दारात येणाऱ्या भंगारवाल्याला देण्याआधी दुकानातली एक्स्चेंजची रक्कमही विचारावी. त्यातल्या तांब्याला मोल असते.

बिल न घेता पैसे देण्याची आपली सवय इथे नडते. बिलावर तारीख, बदललेल्या भागाचे नाव, भरलेला गॅस ग्रॅममध्ये आणि हमीचे दिवस लिहून घ्यावेत, काढलेला जुना भाग परत मागावा, आणि पैसे एसी अर्धा तास चालवून पाहिल्यावर द्यावेत. हमीच्या दिवसांत तीच तक्रार पुन्हा आली आणि मेकॅनिक वा कंपनी दाद देईनाशी झाली, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार नोंदवता येते. तिथे काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे तक्रारीचे शुल्क लागत नाही. अशा वेळी हातात लागतो तो बिलाचा कागदच. मावशीने आता एसीच्या रिमोटच्या डब्यात एक लहान वही ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर पट्टीवरून उतरवलेले गॅसचे नाव आणि वजन आहे, आणि पुढे तारखांसमोर आकडे : एप्रिलला फरक ११ अंश, जूनला ८ अंश, बादलीत तासाला दीड लिटर. गेल्या वर्षी ‘गॅस कमी वाटतोय’ असे सुचवणाऱ्या एका तरुणासमोर तिने ती वही उघडून ठेवली. त्याने पान वाचले, ब्लोअर धुऊन दिला आणि सहाशे रुपये घेऊन गेला.